अभ्यासाची गोळी आणि आधीच पुढे उभी असलेली मुलं

निळी शाई

पुण्यात नवी पेठेतल्या एका अभ्यासिकेत मी स्पर्धा परीक्षेच्या मुलांची उत्तरं तपासून देतो. हल्ली तिथे मोडाफिनिल या झोप घालवणाऱ्या गोळीचं नाव उघडपणे घेतलं जातं. एकजण ओळखीच्या दुकानातून स्ट्रिप आणतो, कात्रीने दोन-दोन गोळ्या कापून वाटतो, पैसे लगेच फोनवर येतात. डॉक्टरांची चिठ्ठी कोणाकडेच नाही. परवा त्यांच्यातल्या एका मुलाचं राज्यघटनेचं पुस्तक उघडून पाहिलं. रात्रभर जागून त्याने मूलभूत हक्कांचं प्रकरण काढलं होतं आणि पानंच्या पानं पिवळ्या हायलायटरने सलग रंगवली होती, एकही ओळ सोडली नव्हती. कलम १९ वरचे वाजवी निर्बंध विचारले तर दोनाच्या पुढे गाडी गेली नाही. मुलगा हुशार आहे, कष्टाळू आहे. म्हणूनच हा धागा काढतोय.

या विषयावर नेहमी ऐकू येतं ते असं: बुद्धी वाढवणाऱ्या गोळ्या श्रीमंतांना परवडतील, गरिबांना नाही, आणि दरी रुंदावेल. मला हे अर्धंच पटतं. मोडाफिनिल आपल्याकडे महाग नाही, एक गोळी दोन-तीन चहांच्या पैशांत येते. दरी वाढणार ती वेगळ्या वाटेने.

आधी औषधाचं. मोडाफिनिल फ्रान्समध्ये तयार झालं आणि अमेरिकेत १९९८ साली नार्कोलेप्सीसाठी, म्हणजे दिवसा अनावर झोप येण्याच्या आजारासाठी, मंजूर झालं. मेथिलफेनिडेट (रिटालिन) एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि अतिचंचलतेचा विकार, असलेल्यांना देतात. निरोगी माणसांनी ही औषधं कामासाठी घेणं परदेशात बरंच जुनं आहे. २००८ मध्ये 'नेचर' साप्ताहिकाने आपल्या वाचकांना विचारलं, तेव्हा ६० देशांतल्या १,४०० जणांनी उत्तरं दिली आणि पाचातल्या एकाने अशी औषधं घेतल्याचं सांगितलं. त्याच वर्षाच्या शेवटी तिथेच काही शास्त्रज्ञ आणि कायदेतज्ज्ञांनी लेख लिहून सज्ञान, निरोगी माणसाला ही मुभा असावी अशी बाजू मांडली.

पण मुळात फायदा किती? २०२३ मध्ये मेलबर्न आणि केंब्रिजच्या संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. ४० निरोगी तरुणांना एक कोडं दिलं: ठरावीक वजन पेलणारी पिशवी, वेगवेगळ्या वजनाच्या आणि किमतीच्या वस्तू, पिशवीत जास्तीत जास्त किमतीचा माल बसवायचा. मोडाफिनिल, मेथिलफेनिडेट, डेक्स्ट्रोअ‍ॅम्फेटामिन आणि औषध नसलेली गोळी, असं सगळं प्रत्येकाला वेगवेगळ्या वेळी देऊन पाहिलं. औषध घेतल्यावर तरुण जास्त वेळ झटत होते, वस्तू जास्त वेळा आत-बाहेर करत होते, पण त्या झटण्याचा दर्जा घसरला होता. बरोबर उत्तरं वाढली नाहीत. ते पिवळं पुस्तक पाहून मला हाच प्रयोग आठवला.

आता विषमता. नीटला २०२४ मध्ये २३ लाखांहून जास्त मुलं बसली, एमबीबीएसच्या जागा सुमारे १ लाख १० हजार. राज्यसेवेचं गणित याहून कठीण. समजा गोळी थोडीफार चालली आणि सगळ्यांनीच दोन तास जास्त वाचलं, तर कटऑफ वर सरकतो, जागा तेवढ्याच राहतात. फायदा कोणाच्याच पदरात पडत नाही, पण गोळी बंद करायचीही कोणाची हिंमत होत नाही. मग त्रास झाला तर? डोकेदुखी, धडधड, झोपेचं खोबरं. ज्याच्या घरी डॉक्टर आहे आणि एक वर्ष वाया गेलं तरी बाप दुसऱ्या वर्षाची फी भरेल, त्याचं निभावतं. ज्याच्या मेसचे पैसे सोयाबीन विकून आलेत त्याचं निभावत नाही.

आणि ज्याने मेंदू खरोखर घडतो तिथे आपण काय करतोय? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा महिने ते पाच वर्षं वयाची देशातली ६७ टक्के बालकं रक्तक्षयी निघाली, महाराष्ट्रातली जवळपास ६९ टक्के. त्या वयात लोह कमी पडलं तर लक्ष आणि स्मरणशक्तीवर जो परिणाम होतो, त्याची भरपाई विसाव्या वर्षी नवी पेठेत गोळी घेऊन होत नाही.

माझं मत स्पष्ट आहे. परीक्षेसाठी या गोळ्यांना कसलीही मान्यता मिळू नये आणि चिठ्ठीचा नियम काटेकोर पाळला जावा.

परभणीकर

सर, पूर्ण असहमत.

मी त्याच पेठांमध्ये राहिलोय. रात्री एटीएमबाहेर वॉचमनची ड्युटी, सकाळी अभ्यासिका. ज्याला घरचा डबा, स्वतःची खोली आणि आठ तास झोप मिळते त्याला गोळी लागतच नाही. ती लागते माझ्यासारख्याला, कारण माझी झोप मी आधीच पगारासाठी विकलेली असते.

परीक्षेत पुढे जायला पैसेवाले काय काय विकत घेतात ते बघा. लाख-दीड लाखाचे क्लास. वर वेगळी टेस्ट सिरीज. बालवाडीपासून इंग्रजी माध्यम. गावाकडे आई आजारी पडली तर पाठवायला दुसरा माणूस. यातल्या एकाही गोष्टीवर कोणी म्हणत नाही की मान्यता मिळू नये. तीस रुपयांची गोळी निघाली की मात्र सगळ्यांना नैतिकता आठवते. कटऑफ क्लासमुळेही सरकतोच ना? मग तुमचा जागांचा मुद्दा आधी क्लासला लावा.

दुसरं, तुम्ही जो प्रयोग सांगितलात त्यातलाच एक भाग सोडलात. गोळीशिवाय जे सरासरीच्या वर होते ते मेथिलफेनिडेट घेतल्यावर खाली येताना दिसले आणि खालचे वर. मग ही गोळी वरच्याला खाली आणि खालच्याला वर नेणारी झाली. असं दुसरं काय आहे या व्यवस्थेत?

आणि चिठ्ठीचा नियम कडक झाला तर धाड कुठे पडणार? मेसवर, होस्टेलवर. ओळखीच्या डॉक्टरकडून चिठ्ठी आणणाऱ्या मुलाच्या फ्लॅटवर पडणार नाही. आज ही गोळी आम्हाला आणि त्यांना एकाच भावात मिळते, कडक नियम आला की ती फक्त त्यांना मिळेल.

ओपीडी नंबर चार

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे, ही औषधं रोज लिहितो.

परभणीकर, वर-खाली होण्याचा मुद्दा बरोबर आहे, पण त्यावर इमारत बांधू नका. मेंदूतल्या डोपामिन या रसायनाचं काम असंच असतं, कमी असेल तिथे थोडं वाढल्याने फायदा होतो, पुरेसं असेल तिथे वाढलं की बिघडतं. पण ४० जण, प्रयोगशाळेतलं एक कोडं. आणि एकदा खूप खाली राहिलेला माणूस पुढच्या वेळी औषधाविनाही सरासरीकडे सरकतोच. परभणीतून आलाय म्हणून कोणाच्या मेंदूत डोपामिन कमी आहे असं तर तुम्हालाही म्हणायचं नसेल.

झोपेबद्दल मात्र तुम्ही बोललात ते खरं आहे. झोप न मिळालेल्या माणसाला मोडाफिनिलने जागं राहता येतं. लंडनमध्ये रात्रभर जागलेल्या डॉक्टरांवर हे पाहिलं गेलं. नियोजन, विचारातली लवचिकता सुधारली, हाताचं कसब सुधारलं नाही. अडचण पुढे आहे. अर्धं औषध शरीराबाहेर जायला १२ ते १५ तास लागतात. रात्री दहाला घेतलेली गोळी दुसऱ्या दिवशी दुपारी झोपायला गेलात तरी अंगात असते. वाचलेलं पक्कं होतं ते झोपेत. म्हणजे गोळीने वाचनाचे तास वाढतात आणि तेच वाचन मुरण्याचे तास कमी होतात.

इथे मुलीही वाचत असतील, म्हणून मुद्दाम लिहितो: या औषधाने गर्भनिरोधक गोळीचा परिणाम कमी होतो. दुकानदार हे सांगत नाही. क्वचित, पण अंगावर जीवघेणा पुरळही येतो. २०१० मध्ये युरोपच्या औषध नियामकाने याचा वापर फक्त नार्कोलेप्सीपुरता ठेवायला सांगितलं, त्यात हेही एक कारण होतं. पुरळ दिसला की गोळी तिथेच थांबवा आणि दवाखाना गाठा.

घोड्याची चाल

बुद्धिबळातला एक अनुभव या चर्चेत हवाच. जर्मनीत ३९ खेळाडूंना मोडाफिनिल, मेथिलफेनिडेट किंवा कॅफिन देऊन संगणकाविरुद्ध १५-१५ मिनिटांचे डाव खेळवले होते. औषध घेतलेले खेळाडू प्रत्येक खेळीवर जास्त वेळ विचार करू लागले आणि जास्त डाव घड्याळावर हरले. वेळ संपून हरलेले डाव बाजूला काढले तेव्हा त्यांचा खेळ सुधारलेला दिसला.

म्हणजे 'गोळी चालतच नाही' हे म्हणणंही सरसकट खरं नाही. पण एमपीएससी आणि नीट या दोन्ही घड्याळावरच्या परीक्षा आहेत. शंभर प्रश्न आणि पुढे सरकणारा काटा असताना एकेका प्रश्नात रुतून बसणारा मेंदू काय कामाचा?

एडिसन, न्यू जर्सी

आमच्याकडे हा प्रवास बराच पुढे गेलाय, म्हणून लिहिते. इथे कॉलेजमध्ये एडीएचडीवरची अ‍ॅडरॉलची गोळी मित्राकडून घेणं मुलांना मोठी गोष्ट वाटत नाही. ड्यूक विद्यापीठाने २०११ मध्ये चिठ्ठीशिवाय अभ्यासासाठी अशी औषधं घेणं हे कॉपीच्या व्याख्येत टाकलं. पण परभणीकर म्हणतात तेच झालं, चिठ्ठी असलेल्याला हा नियम लागत नाही आणि चिठ्ठी कोणाला मिळते हे पैशावर ठरतं. २०१९ मध्ये प्रवेशांचा मोठा घोटाळा उघड झाला, त्यात श्रीमंत पालकांना असा सल्लाही दिला जात होता की मुलाला अध्ययन अक्षमतेचं निदान मिळवून घ्या, म्हणजे प्रवेश परीक्षेत जास्त वेळ मिळेल.

दुसऱ्या टोकाचं ऐका. २०१२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये अटलांटाजवळच्या एका बालरोगतज्ज्ञाबद्दल छापून आलं होतं. गरीब घरातली, ढिसाळ शाळांमध्ये मागे पडणारी मुलं त्याच्याकडे येत आणि तो त्यांना अ‍ॅडरॉल लिहून देत असे. त्याने ते लपवलं नाही. मुलाचं वातावरण बदलणं महाग आहे असं समाजाने ठरवलंय, म्हणून मुलालाच बदलावं लागतं, असं त्याचं म्हणणं.

मला भीती या दुसऱ्या गोष्टीची वाटते. आज परभणीकर स्वतःहून गोळी मागतायत. उद्या शाळा, क्लास, कंपनी त्यांना म्हणेल की शिक्षक देता येत नाही, रजा देता येत नाही, ही घ्या गोळी.

वाईकर

मी गोळीच्या बाजूने आहे, आणि परभणीकरांपेक्षा एक पाऊल पुढे जातो.

सरकारने सगळ्यांची बुद्धी वाढवणारा पदार्थ घरोघरी पोचवावा ही कल्पना आपण कधीच स्वीकारलीय. आयोडीनयुक्त मीठ दुसरं काय आहे? गरोदरपणात आयोडीन कमी पडलं तर बाळाचा मेंदू नीट वाढत नाही. आयोडीन नसलेलं मीठ खाण्यासाठी विकण्यावरची बंदी २००० साली केंद्राने उठवली होती, २००६ मध्ये पुन्हा आणली. तेव्हाही विरोध झाला, लोकांच्या ताटात सरकारने हात घालू नये म्हणून. आज त्या मिठाबद्दल कोणी तक्रार करत नाही.

निळी शाई सगळं परीक्षेच्या जागांवर तोलतायत. पण बुद्धीचा उपयोग रँक काढण्यापुरता नसतो. औषधाचा डोस मोजणारी नर्स, रात्री एसटी चालवणारा ड्रायव्हर, पीक विम्याचा अर्ज वाचणारा शेतकरी, यांचं डोकं थोडं जास्त चाललं तर कोणाचं काही हिरावलं जात नाही, सगळ्यांचंच भलं होतं. उद्या खरोखर सुरक्षित आणि परिणामकारक औषध निघालं तर ते रेशनवर, मोफत मिळावं अशी मागणी आपण आत्ताच करायला हवी. नाहीतर ते निघेल, पेटंटमध्ये अडकेल आणि पहिली वीस वर्षं फक्त पैसेवाल्यांचं राहील.

निळी शाई

वाईकर, मिठाचा मुद्दा वजनदार आहे, आणि मला वाटतं इथेच आपले रस्ते फुटतात. मिठाने कमतरता भरून निघते. ज्या बाळाला आयोडीन मिळालं त्याचा फायदा शेजारच्या बाळाला मिळाल्याने घटत नाही. म्हणून ते सगळ्यांना द्यायचं. ज्याच्यात कमतरता नाही त्याला परीक्षेच्या रांगेत पुढे काढायला दिलेली गोळी वेगळी, तिची किंमत शेजाऱ्याकडे ती नसण्यावर अवलंबून असते. नर्सचं उदाहरण तुम्ही दिलंत, पण तिची चूक होते कारण ती सलग दुसऱ्या पाळीत उभी असते. तिला गोळी मिळाली की तिसरी नर्स भरायची गरजच उरली नाही असं व्यवस्थापन म्हणेल. न्यू जर्सीच्या ताईंनी हेच लिहिलंय.

परभणीकर, क्लासबद्दल तुमचं बरोबर आहे. क्लासमुळेही कटऑफ सरकतो आणि क्लासची दरी गोळीपेक्षा कितीतरी मोठी आहे. पण एक अन्याय चालू आहे म्हणून दुसरा अंगावर, तोही स्वतःच्या शरीरावर, घ्यावा हे मला कसं पटेल? क्लासने तुमचे पैसे जातात, याने झोप जाते, आणि ती तुमच्याकडे आधीच कमी आहे.

चौथीतल्या मुलाची आई

मूळ विषयापासून थोडं बाजूचं वाटेल, पण लिहिते. माझ्या मुलाला एडीएचडी आहे. निदान व्हायलाच दोन शहरं पालथी घालावी लागली. मेथिलफेनिडेट आपल्याकडे एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीत आहे, त्यामुळे नोंदी, कागद यांच्या कटकटीने आमच्या गावातला एकही दुकानदार ते ठेवत नाही. प्रत्येक वेळी जिल्ह्याला जावं लागतं, आणि तिथे काउंटरवरचा माणूस चिठ्ठीकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघतो.

औषध सुरू झाल्यावर माझा मुलगा पहिल्यांदा जेवणाच्या ताटावर शेवटपर्यंत बसला. त्याची बुद्धी वाढलेली नाही, त्याला ती वापरता येऊ लागली.

'काटेकोर करा' म्हणताना तुमच्या डोळ्यांसमोर अभ्यासिका असते. त्या नियमाचा पहिला फटका आम्हाला बसतो. आणि 'खुलं करा' म्हणणाऱ्यांनाही सांगते, अमेरिकेत २०२२ पासून अ‍ॅडरॉलचा तुटवडा पडला तेव्हा ज्यांना ते खरंच हवं होतं ती माणसं दुकानोदुकान फिरत होती. नियम करायचाच असेल तर आधी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात निदान होईल आणि औषध मिळेल एवढं करा, मग बाकीचं.

सातपुड्यातली बाई

मी नंदुरबार जिल्ह्यात शिक्षिका आहे. वाईकर दादा, रेशनवर गोळी द्या म्हणणं सोपं आहे. आमच्याकडे मोफत गोळी आहे, ती पोचवताना काय होतं ते सांगते.

सहावीपासूनच्या मुलींना आठवड्यातून एकदा लोहाची निळी गोळी द्यायची असते. रिकाम्या पोटी दिली की मळमळतं, म्हणून खिचडी झाल्यावर द्यायची आणि समोर गिळायला लावायची. तरी एखादी ती जिभेखाली धरते आणि ओढणीच्या टोकाला गाठ मारून घरी नेते, कारण आजीने सांगितलेलं असतं की या गोळीने पुढे मूल होत नाही. मग आजीला भेटायला पाड्यावर जायचं. मध्यंतरी पुरवठाच थांबला होता, तेव्हा पटवलेल्या आज्या पुन्हा बिथरल्या. ज्या मुली नियमाने घेतात त्या चौथ्या तासाला बाकावर डोकं टेकत नाहीत, हे मी रोज पाहते.

इथे तुमच्या मोडाफिनिलचं नाव कोणी ऐकलेलं नाही. माझ्या वर्गातली मुलगी नवी पेठेपर्यंत पोचेल का, हे त्या निळ्या गोळीवर आणि पावसाळ्यात ओढा ओलांडता येण्यावर ठरतं. म्हणून मी निळी शाईंच्या बाजूने. पण सर, तुमच्या धाग्यात बंद काय करायचं ते ठळक आहे आणि सुरू काय करायचं ते एका परिच्छेदात उरकलंय. उलट असायला हवं होतं.

परभणीकर

बाई, तुमचं सगळं मान्य. पण ज्याचं बालपण होऊन गेलंय त्याने काय करायचं? मला पाचव्या वर्षी लोह मिळालं नसेल तर ते आता मिळणार नाही. माझ्या हातात आहे ती आजची रात्र आणि येणारी पूर्वपरीक्षा.

सर म्हणतात स्वतःच्या शरीरावर अन्याय नको. रात्रपाळी हाही शरीरावरच अन्याय आहे, तो कोणी थांबवत नाही. डॉक्टर, तुम्हाला सरळ विचारतो. रात्री ड्युटी आणि दिवसा अभ्यास करणारा मुलगा तुमच्या ओपीडीत येऊन काही न लपवता सगळं बोलला, तर तुम्ही त्याला चिठ्ठी द्याल का?

ओपीडी नंबर चार

सरळ उत्तर देतो. परीक्षेसाठी म्हणून देणार नाही.

पण रात्रपाळीमुळे होणारा झोपेचा विकार हे खरं निदान आहे आणि अमेरिकेत २००४ पासून मोडाफिनिल त्यासाठीही मंजूर आहे. युरोपने २०१० मध्ये तो वापर काढून टाकायला सांगितलं, कारण फायद्याच्या मानाने धोका त्यांना जास्त वाटला. दोन्हीकडचे लोक विचार करूनच बोलतायत. त्यामुळे असा मुलगा आला तर आधी दोन आठवडे झोपेच्या वेळा लिहून आणायला सांगेन, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासेन, रक्तदाब बघेन. बऱ्याच जणांमध्ये तिथेच काहीतरी सापडतं. खोलीत अंधार करून ड्युटीनंतर लगेच झोपायचं आणि अभ्यास संध्याकाळी हलवायचा, एवढ्यानेही फरक पडतो. हे सगळं करूनही ड्युटीवर डोळा लागत असेल तर कमी डोस, फक्त पाळीच्या आधी, ठरावीक काळापुरता, यावर मी विचार करेन. अभ्यासिकेत जाऊन घ्यायला नाही.

सरकारी रुग्णालयात आहे, केसपेपर काढून कोणीही येऊ शकतं. गोळी आधीच चालू असेल तर स्ट्रिप सोबत आणा, मी रागावणार नाही.